उजवीकडे बघणारा पक्षी

बश्यांच्या कारखान्यात काकांनी अठ्ठावीस वर्षं एकच पक्षी काढला. निळा, फांदीवर बसलेला, डावीकडे बघणारा. दिवसाला दोनशे. त्यातला एकही कधी उडून गेला नाही, एवढं काम पक्कं.

मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. म्हणजे होता जागेवरच, पण कामातून गेला. पाच महिन्यांनी मुकादम म्हणाला, "शुक्रवारी डाव्या हातानं एक बशी काढून दाखवा. जमली तर तुमचा बाक तुमचा. नाहीतर पॅकिंगला बसा." वर धीर द्यायला म्हणाला, "पक्षी म्हणजे तुमच्या डाव्या हाताचा मळ, काका!" आणि त्यानं जीभ चावली.

काकांना वाईट वाटलं नाही. हल्ली त्यांना काहीच वाटत नसे.

घरी रद्दीवर सराव सुरू झाला. बायको चष्मा पुसून बघायची.

"हा काय, बटाटा?"

"पक्षी."

"त्याला सांगितलंत का तसं?"

चौथ्या दिवशी ती काही बोलली नाही. म्हणजे जमला.

शुक्रवारी काकांनी उजवा हात उचलून कच्च्या बशीच्या काठावर ठेवला, ती सरकू नये म्हणून, आणि डाव्यानं सात फटकाऱ्यांत पक्षी उतरवला. चोच, डोळा, शेपूट, सगळं जिथल्या तिथं.

मुकादमानं मान डोलवली. मग डोलवायची थांबवली. "काका, पक्षी फक्कड आहे. पण हा उजवीकडे बघतोय."

बघत होता खरा. डाव्या हाताला तेच वळण सोपं पडलं होतं.

"सहाचा सेट असतो. पाच इकडे, एक तिकडे. गिऱ्हाईक म्हणेल, यांचं भांडण झालंय."

"दुसरा काढतो."

दुसऱ्याची मान मुरगळल्यासारखी आली. तिसऱ्याचीही. शेजारी काठाच्या रेघा ओढणारी बाई म्हणाली, "पुरे करा हो, जीव घ्याल त्याचा."

सोमवारी काका पॅकिंगला बसले. दोन बश्यांमध्ये एक कागद. तो दाबून धरायला उजवा हात उत्तम. जड होता, बधिर होता आणि कंटाळत नसे.

दुपारी भट्टीतून निघालेल्या थप्पीत ती पहिली बशी सापडली. बाद म्हणून फोडायची ती राहून गेली आणि भाजून आली होती. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, ती खोक्यात तळाशी ठेवली, वर पाच रचल्या आणि दातांनी सुतळी ओढून गाठ मारली.

मग आपल्याला मजा वाटतेय का, ते जरा थांबून पाहिलं.

उजव्या हाताला वाटली असेल, तेवढीच.