भांड्यांसोबत गेलेला खेळ

लातूरच्या गंजगोलाईत मल्लिनाथअप्पांचं भांड्यांचं दुकान. पुढं विकायची पातेली नि डबे, मागच्या खोलीत लग्नाकार्याला भाड्यानं द्यायचे हंडे, पराती. माणूस देवमाणूस, पण जीभ मिरचीची. गिऱ्हाईक म्हणालं, "अप्पा, जरा कमी करा की," तर अप्पा म्हणायचे, "करतो की. बूड काढून घेतो पातेल्याचं, चालंल?" अशा माणसाच्या दुकानात वर्षभर इडलीपात्रांच्या शेजारी भलतीच वस्तू मांडलेली होती. त्यांच्या लेकीनं, शिवकन्यानं, तयार केलेला खेळ.

पोरगी पुण्याची चांगली नोकरी सोडून हा खेळ डोक्यात घेऊन घरी आली. नाव ठेवलं 'माळावरचा मुक्काम'. पट नाही, सोंगट्या नाहीत. डब्यात एक पुस्तक, कोरे कागद आणि फासे, बस्स. एकानं सूत्रधार व्हायचं. बाकीच्यांपैकी कुणी बैलवाला, कुणी वैदू, कुणी कासारीण. देवणी बैलांची जोडी घेऊन जत्रेला निघायचं आणि वाटेत मुक्काम करायचे. सूत्रधार अडचण सांगणार, खेळणारे बोलून बोलून वाट काढणार, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवणार. अप्पांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कपाळावरची विभूती पुसली जाईल इतका घाम पुसला.

"म्हंजे बसल्या जागी सोंगं काढायची! हे इकत कोन घेईल गं माय?"

घेत होते, पण थोडे. पुण्याची एक कंपनी असले खेळ छापून देशभर विकायची आणि खपाप्रमाणे नंबर लावायची. वर कायम परदेशी राक्षसांचे नि ड्रॅगनचे जाडजूड डबे, आपला बैलवाला पार तळाला. कंपनीनं साफ कळवलं होतं, वर्षअखेरीला पहिल्या तिसांत नसलेला खेळ यादीतून काढणार, पुन्हा छापणार नाही. शिवकन्यानंही घरात सांगून टाकलं होतं, "खेळ यादीतून निघाला तर मी परत पुण्याला. साहेबांनी जागा धरून ठेवलीय."

हे ऐकल्यापासून गौरम्मांना, म्हणजे तिच्या आईला, घास गोड लागेना. लेक वर्षभर घरात होती, तर घराला घरपण होतं. अप्पा वरून दाखवत नव्हते. पण दुकान उघडलं, गल्ल्याला हात जोडले, की पहिला प्रश्न ठरलेला.

"आज कितवा हाय गं?"

"सदतिसावा."

"काल छत्तिसावा व्हता की!"

"अप्पा, तो काय बारावीचा निकाल हाय का रोज विचारायला?"

"लातुरात ऱ्हाऊन नंबर इचारायचा न्हाई म्हन्तीस? मग लोक बोलतील तरी काय?"

डिसेंबर सरत आला आणि येळवस आली, शेतात पूजा करून तिथंच पंगती घालायचा सण. वेळ अमावास्येला लातूर शहरात कुत्रंसुद्धा मागं राहत नाही. ज्याला शेत आहे तो शेतात, ज्याला नाही तो ज्याला आहे त्याच्या शेतात. पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीची पातेली, खिरीचे हंडे, सगळं अप्पांच्या मागच्या खोलीतून निघालं. दुसऱ्या दिवशी शिवकन्या दुकानात आली तर इडलीपात्रांच्या शेजारची फळी रिकामी.

"अप्पा! सगळे डबे खपले?" पोरीचा चेहरा असा उजळला की अप्पांना क्षणभर खोटं बोलावंसं वाटलं.

"खपले न्हाई. दिले. भांड्यांसंगं."

"दिले म्हंजे?"

"अगं, आंबील पिऊन मानसं दुपारभर कडब्याच्या कोपीत लोळत पडतात. म्हनलं, खेळा. परातीसंगं आनून द्या. भाडं बी न्हाई घेतलं."

शिवकन्या स्टुलावर बसली. "अहो, जे इकत घेणार होते त्यांनाच तुम्ही फुकट दिलं. आता कोण घेईल? आणि वर्ष संपायला दिवस किती राहिले?"

ओरडली असती तर अप्पांनी परतून चार शब्द सुनावले असते. ती ओरडली नाही, उठून घरी गेली आणि कपाटावरची बॅग खाली काढली. अप्पा परात पुसत राहिले. चुकलं काय, हे त्यांना आत्ता कुठं कळत होतं. साऱ्या जन्मात त्यांनी एकच रीत पाहिली. मोठा हंडा गल्लीत एकाचा, पण कार्य साऱ्या गल्लीचं. लेकीचा डबासुद्धा त्यांनी त्याच मापानं मोजला. बापाची माया खरी, पण घात बापानंच केला.

भांडी परत आली, डबे काही येईनात. "अप्पा, डबा आमच्या पाव्हन्यानं अहमदपूरला नेला." "अप्पा, देवणीला गेला, येईल की." अप्पांचा पारा चढला. "परात आली अन् डबा न्हाई? तुमच्या पाव्हन्याला काय हुंड्यात दिलता का?"

वर्ष संपलं. यादी लागली. 'माळावरचा मुक्काम' त्यात नव्हता. शिवकन्यानं पुण्याच्या बसचं तिकीट काढलं. गौरम्मांनी डोळे पुसत धपाटे बांधले.

त्याच दुपारी चाकूरची उज्वला दुकानात आली. घरची शेतकरीण, येळवशीला हंडा आणि डबा घेऊन गेलेली. हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. शिवकन्या अप्पांच्या पाया पडायला तिथंच आली होती.

"उशीर झाला ताई. पन रिकामं भांडं परत द्यायचं नसतं ना. म्हून मागच्यानं पुढच्याला सांगितलं, कायतरी घालूनच फिरवा."

शिवकन्यानं डबा उघडला. वर तुरीच्या शेंगा, बोरं, गुळाचा खडा. एक फासा हरवला होता, त्याच्या जागी बाभळीच्या लाकडाचा नवा, कुणीतरी हातानं कोरलेला. आणि खाली कागदच कागद. पुस्तकात तिनं पाच मुक्काम लिहिले होते. ज्या ज्या घरात डबा गेला, त्या घरानं आपला एक मुक्काम लिहून घातला होता. एका मुक्कामावरच्या विहिरीपाशी खोटं बोलताच येत नव्हतं. दुसरीकडं चोरच बैलांना पाणी पाजत होता. एका कागदावरचं अक्षर उज्वलाचं होतं.

"हा देवणीच्या पंचफुलाआजीचा. माझी आत्या. तिला लिहाया येत न्हाई, ती बोलली, म्या लिहिलं."

शिवकन्या मोठ्यानं वाचू लागली. "बैल गावच्या शिवेवर अडला. फासे टाकू नका. बैल उगं अडत न्हाई. त्याला काय दिसायलंय, ते आधी इचारा."

कागद बाजूला ठेवला. तिनं उज्वलाचे हात धरले. "तुमचे उपकार कसे फेडू हो?"

"आमचे कशाचे उपकार? येळवशीला माझा सासरा पहिल्यांदा सुनांशी मोकळा बोलला, ते बी वैदू होऊन! बारा वर्सं झाली लग्नाला, मला म्हाईतच नव्हतं मानूस इतका हसवतो. आता गावात एका डब्यावर भांडनं लागलीत. इकत दिले तर अजून न्यायचेत."

शिवकन्या अप्पांकडं वळली. "अप्पा, मी तुमच्यावर चिडले होते."

"चिड की. हक्क हाय तुजा. चूकच केली म्या."

"ही चूक केली नसती तर हे मला दिसलंच नसतं. त्या यादीत मी वर्षभर शोधत होते, कुणाला आवडतोय का म्हणून." ती वाकून पाया पडली, आणि या वेळी निरोपासाठी नाही.  अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि देवाचे मानावेत तसे मनात उज्वलाचे आभार मानले.

तिकीट वाया गेलं. धपाटे घरातच खाल्ले. नवे मुक्काम घालून खेळ लातूरच्याच छापखान्यात छापला, ज्याचा मुक्काम त्याचं नाव खाली. काही डबे विकायला ठेवले, काही भांड्यांसारखे गावोगाव फिरते. पुण्याच्या यादीत तो परत कधी लागला नाही.

पण खोड जाते का? परवाही दुकान उघडून, गल्ल्याला हात जोडून अप्पांनी विचारलंच, "आज कितवा हाय गं?" आणि जीभ चावली.

शिवकन्या डबा पुसत होती. "एक अहमदपूरला हाय अप्पा, एक देवणीत पंचफुलाआजीकडं. चाकूरचा काल आला, तो आता उदगीरला चाललाय."

"बरं," अप्पा म्हणाले, आणि खिशातले मूठभर फुटाणे त्या डब्यात टाकले. "मग रिकामा कामून धाडतीस?"