मोरकंठी पाणी

सकाळ उतरली ती रंग घेऊन. कारखान्याच्या भिंतीपाशी नाला जांभळा, पुलाखाली पिवळा, आणि शेवंताकाकूच्या पालकाच्या वाफ्याशी आला तेव्हा निळा, नितळ, मोरकंठी. एवढं देखणं पाणी देवानं नाही केलं. ते माणसानं केलं, पाईप सोडला आणि पाठ फिरवली.

कट्ट्यावर पैज लागली. "गंगाजल आहे आमचं," धातूवर मुलामा चढवणाऱ्या, प्लेटिंगच्या कारखान्याचे सुपरवायझर वामनराव मिशीला पीळ देत म्हणाले. ती मिशी म्हणजे गल्लीचं वैभव. तेलपुष्ट, कृष्णवर्ण, गर्वोन्नत.

"मग काकूचा विळा नाल्यात बुडवू दिवसभर," गजा इस्त्रीवाला म्हणाला. "लोखंडी तो लोखंडीच निघाला, तर वर्षभर तुमची इस्त्री फुकट. रंग बदलला, तर भर बाजारात काकूच्या पालकाचा एक घास खायचा. नाहीतर मिशी द्यायची."

"लागली. घास काय, टोपली खातो."

सगळे हसले. शेवंताकाकू नाही हसली. तिची सुगंधा पहिलटकरीण, माहेरी आलेली, सातवा महिना. रक्त कमी म्हणून दोन्ही वेळा ताटात हाच पालक. नाल्याचंच पाणी, आईचाच हात.

विळा पाण्यात उतरला. दुपार त्याच्यावरून गेली, ऊन गेलं, फेस गेला. संध्याकाळी गजानं तो वर काढला. काळा, गंजका, म्हातारा विळा नवरीसारखा लालसर झळकत होता. तांबं. पाण्यात विरघळलेलं, लोखंडावर चढून बसलेलं तांबं.

आणि जे लोखंडाला सोडत नाही ते मुळाला सोडेल? देठाला, शिरेला, पानाला? हे तर तांबं, दिसणारं. शिसं दिसत नाही. कॅडमियम दिसत नाही. त्यांना रंग नाही, वास नाही. लाज तर त्यांच्या मालकालाही नाही.

बुधवारी बाजार भरला. वामनराव मांडी घालून बसले. पुढ्यात थाळी, लसणाची फोडणी, वाफाळती हिरवीगार भाजी.

"आज उपास आहे माझा."

"सकाळी मिसळ हाणलीत ती कुणी मग?" गजा म्हणाला. "खा साहेब, गंगाजलावरचा पाला आहे."

घास उचलला. ओठांशी गेला. ओठ मिटले. अख्खा बाजार थांबला. वामनरावांनी घास ताटात परत ठेवला, बोटं रुमालाला तीनदा पुसली, आणि खाली बघत म्हणाले, "वस्तरा मागवा."

वस्तरा फिरला. हसू फुटलं, टोपल्यांवरून, ताडपत्र्यांवरून खिदळत गेलं, आणि मध्येच विझलं. एकेकाला कळत गेलं. ज्याला पाणी ठाऊक, त्यानं मिशी दिली. घास नाही घेतला.

गर्दीच्या पुढं सुगंधा उभी. दोन्ही तळवे पोटावर. काळे केस मातीत पडत होते, हलके, हळू. आणि ती मनात मोजत होती, माहेरी आल्याला चाळीस दिवस, दिवसाला दोन वेळा, आणि दर वेळी घास, घास, घास.