रंगवलेला फक्त डोळा

संग्रहालयात त्यांना सगळे कापूसकाका म्हणत. मेलेल्या पक्ष्यांच्या कातड्यात कापूस भरून त्यांना फांदीवर बसवायचं, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं होतं. हात कसलेला आणि तोंड त्याहून. कोणी "अगदी जिवंत वाटतो हो!" म्हणालं की ते फटकन म्हणत, "मेलाय तो. मीच भरलाय, मला विचारा."

पण एका पक्ष्याने त्यांच्या जिवाला घोर लावला होता. त्याची अख्खी जात कधीच नामशेष झालेली, जगात उरलेला हा दीडशे वर्षांपूर्वीचा एकच नमुना. डोळ्यांचा रंग कुठेच लिहिलेला नव्हता. तरुणपणी काकांनी अंदाजपंचे दाहोदरसे करत तपकिरी काचेचे डोळे ठोकून दिले होते. आता उद्या तो नव्या कपाटात जाणार आणि काच कायमची बंद होणार. आपली थाप त्या काचेआड जन्मभर मिरवणार, या विचाराने काकांना घास गोड लागत नव्हता.

दुपारी सून आली. ती त्याच इमारतीत, जुन्या चित्रांच्या विभागात कामाला होती.

"बाबा, टाकाऊ गठ्ठ्यात हे सापडलं."

पिवळट कागदावर पेन्सिलीने काढलेला पक्षी, नुसत्या रेघा. पंखांना रंग नाही, चोचीला नाही. रंगवला होता फक्त डोळा.

"अर्धवट आहे," काका म्हणाले. "कंटाळला असेल चित्रकार."

"खालचा आकडा तर बघा!"

काकांनी भिंग लावलं. उद्या कपाटात जाणाऱ्या त्या पक्ष्याच्या पायातल्या चिठ्ठीवर होता, तोच आकडा. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'अजून धुगधुगी आहे.'

काकांनी भिंग पुन्हा त्या रंगवलेल्या डोळ्यावर नेलं.

"अगं, पिसांचा रंग शंभर वर्षं टिकतो. डोळ्याचा रंग मात्र जीव गेल्यावर तासाभरात जातो. त्या माणसाला हे ठाऊक होतं. म्हणून त्याने आधी डोळा धरला. बाकीचं काय, नंतर केव्हाही झालं असतं."

कडेला निळसर कडं, आत नारिंगी, आणि मधल्या काळ्या टिपक्याला लागून केसाहून बारीक हिरव्या रेघा. दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी शेवटचे श्वास मोजणाऱ्या पाखरासमोर बसून हे टिपलं होतं, आणि एकही रेघ हललेली नव्हती. हजारो पक्षी हाताखालून गेले, पण असं बघणं आपल्याला एकदाही जमलं नाही, हे काकांनी मनाशी कबूल करून टाकलं.

मग ते कामाला लागले. पारदर्शक काचेच्या नव्या डोळ्यांना मागून एकेक रंग चढवला, तीनदा पुसला, चौथ्यांदा जमला. तपकिरी डोळे निघाले. नवे बसले. काकांनी फांदी हलकेच उजेडाकडे वळवली.

पक्ष्याने त्यांच्याकडे पाहिलं.

काका दोन पावलं मागे सरकले. सून काहीतरी बोलणार, तोच त्यांनी तिचा हात धरला.

"हळू," ते कुजबुजले. "उडून जाईल."