बँकेचं वासरू

"तुमच्यापैकी एकही जण आयुष्यात गायीच्या कासेखाली बसलेला नाही, आणि तरी गायीचे नियम तुम्हीच लिहिता." तिजानीने आपल्या बँकेच्या राजधानीतल्या देखरेख खात्याला लिहिलेल्या पाचव्या पत्राची ही पहिली ओळ. आधीच्या चार पत्रांची सुरुवात 'माननीय महोदय' अशी होती. त्या माननीयांनी काय दिवे लावले ते ऐका.

अल ओबेद शहरातल्या शाखेत तिजानी अकरा वर्षं होता. व्याज हराम, म्हणून त्याची बँक पैसे उसने देत नाही. गिऱ्हाइकाला हवी ती वस्तू आधी स्वतः विकत घेते, तिची मालक होते, आणि मग नफा धरून हप्त्यांनी विकते. इस्पितळाच्या दारात चहा विकणाऱ्या हाज्जा बतूलला दुभती गाय हवी होती. तिजानीने बाजारातून एक गाभण गाय घेतली. राजधानीची मंजुरी येईपर्यंत बँकेच्या मागच्या अंगणात कडुनिंबाला बांधली. मंजुरीला नऊ दिवस लागले. सातव्या दिवशी, दुपारच्या नमाजाला सगळे उठले असताना, गाय व्यायली.

आता वासरू कुणाचं? शाखेचे धर्मसल्लागार मौलाना नूरैन म्हणाले, बँकेचं. या दिवसांत गाय मेली असती तर नुकसान बँकेचं होतं, मग व्यायली तर वासरूही तिचंच. त्यात वाद नव्हता. पण पोराला आईपासून तोडू नका, दोघांना एकत्र विका, असंही त्यांनी कागदावर लिहून दिलं.

मंजुरीत मात्र 'एक गाय, लाल, आखूड शिंगांची' एवढंच होतं. गाय हाज्जाकडे गेली, वासरू बँकेत राहिलं. तिजानीने पत्र लिहून विचारलं, वासरूही विकू का? उत्तर आलं, तक्त्यात यासाठी रकाना नाही. दुसऱ्या पत्रात त्याने विचारलं, मग दान देऊ का? उत्तर आलं, आधी अधिकृत मूल्यमापन करून घ्या. मूल्यमापन करणारे फक्त इमारती आणि मोटारी बघत.

इकडे गाय वासरू दिसल्याशिवाय पान्हा सोडेना. दूध नाही तर दुधाचा चहा नाही, आणि चहा नाही तर हप्ता कुठून येणार? तिजानी रोज सकाळी टाय लावून, हातात दावं धरून, वासराला हाज्जाच्या अंगणात न्यायला लागला. वासरू दोन आचळं प्यायचं, दोन हाज्जा पिळायची. चहाला बसलेले लोक म्हणत, बँक आली दूध प्यायला, सरका जरा.

महिन्याने राजधानीहून मुज्तबा नावाचे तपासनीस आले. त्यांनी हाज्जाकडे दुधाच्या चहाचे दोन पेले घेतले, अंगणातलं वासरू पाहिलं, आणि तिथेच बसून शेरा लिहिला: बँकेच्या मालकीचं जनावर देणेकरी बाईच्या गायीचं दूध रोज फुकट पितं. देणेकऱ्याकडून ठरल्या किमतीबाहेर मिळालेला लाभ म्हणजे व्याज. प्रकार तत्काळ बंद करावा.

तिजानीने तो वाचून दाखवला. हाज्जा पेले विसळत होती, ती थांबली.

"लेका, वासराने आईचं दूध प्यायलं ते व्याज? मग या साहेबांना विचार, तुम्ही कशावर वाढलात?"

मुज्तबासाहेब म्हणाले, बाई, मी फक्त नियम सांगतो.

"आणि मी फक्त चहा विकते. दोन पेल्यांचे पैसे ठेवा इथे. नाहीतर हा फुकटचा चहाही तुमच्या शेऱ्यात लिहावा लागेल."

पैसे ठेवले त्यांनी. पण शेरा तसाच राहिला.

वासरू पुन्हा कडुनिंबाला बांधलं गेलं. तिजानी पावडरीचं दूध पाजत होता, ते त्याला मानवेना. तिकडे गाय आटत चालली. हाज्जा काळा चहा विकायला लागली, तर निम्मी गिऱ्हाइकं पलीकडच्या बाईकडे गेली. तिसरं पत्र गेलं, चौथं गेलं. उत्तर आलं: विषय विचाराधीन आहे.

पाचव्या दिवशी वासरू उठेना. मौलाना आले, बघितलं, आणि खाली वाकून स्वतःच दावं सोडलं.

"कागद आण. वासरू माझ्या सांगण्यावरून सोडलं, अशी माझी सही घे."

"मौलाना, नोकरी माझी जाईल. तुमची नाही."

"म्हणून तर सही माझी. उचल मात्र तू. माझी कंबर गेलेली आहे."

तिजानीने वासरू खांद्यावर घेतलं आणि भर बाजारातून चालत गेला. गाय लांबूनच हंबरली. हाज्जाने वासराचं तोंड आचळाला लावलं आणि दुसऱ्या बाजूला भांडं घेऊन बसली. बराच वेळ काही नाही. मग भांड्यात धार वाजली.

तिजानी तसाच, शर्टाला शेण लागलेला, कचेरीत परतला आणि लिहायला बसला. पहिली ओळ तुम्हाला सांगितलीच. शेवटची अशी होती:

"वासरू मी हाज्जा बतूलच्या दावणीला दिलं आहे, ते परत आणणार नाही. मला काढायचं तर काढा, ते नंतर बघू. आधी हे सांगा: आईचं दूध पिणारं वासरू तुम्ही कोणत्या आधारावर व्याजखोर ठरवलंत? रकाना नको, उत्तर पाहिजे. आणि खाली ज्याने ठरवलं त्याचं नाव पाहिजे."