माझ्या काचेवरची दोन नावे

मित्रांनो, मी एक जुनी झेरॉक्स मशीन आहे. थेरगावात डांगे चौकाजवळ साहेबरावांच्या दुकानात माझा मुक्काम असतो. एका अंगाला उसाच्या रसाचे दुकान, दुसऱ्या अंगाला मोबाइलची कव्हरे, आणि मध्ये मी. माझा रंग कधीकाळी पांढरा होता. आता तो चहासारखा झाला आहे, आणि त्यात चहाचाही वाटा आहे.

माझी उमेदीची वर्षे निघोज्याच्या एका कंपनीत गेली. तिथे मला थंडगार खोली होती. शिफ्टचे तक्ते, गेटपास, सुट्टीचे अर्ज असे काय काय मी छापले. "ही मशीन कधी दगा देत नाही," असे साहेब लोक पाहुण्यांना सांगायचे. मग एक नवी रंगीत मशीन आली आणि माझी रवानगी खोक्यांच्या मागे झाली. पुष्कळ दिवस धूळ खाल्ल्यावर साहेबरावांनी मला भंगारातून उचलले. माणूस भला आहे. रोज दुकान बंद करताना माझ्यावर फडके टाकतो. फक्त कागद अडकला की माझ्या कुशीत चापट मारतो. चापटीने कागद निघतो हे खरे, पण ती जरा हळू मारली तरी चालेल.

माझ्या काचेवर सगळेच कागद पालथे पडतात. दहावीची मार्कशीट असो की मृत्यूचा दाखला, मला दोन्ही सारखेच. उजेड फिरवायचा आणि प्रत बाहेर टाकायची. कुणाचे काय अडले आहे याची चौकशी करणे माझे काम नव्हे. तरी काही कागद पुन्हा पुन्हा येतात आणि ओळख होऊन जाते.

रुपालीची ओळख अशीच झाली. ती मूळची उदगीरकडची. लग्नाआधी तिने नर्सिंगचा कोर्स पुरा केला, नर्स म्हणून नोंदणीही केली. मग लग्न होऊन थेरगावात आली, मुलगी झाली, आणि नोकरी राहून गेली. मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा कुठे तिला पहिली नोकरी मिळू घातली. घरी अंथरुणावर असलेल्या आजाऱ्यांकडे नर्स पाठवणारी एक संस्था होती. दिघीला सुभद्राबाई नावाच्या एका आजींना अर्धांगवायू झाला होता. त्यांच्या पाठीला जखम होऊ लागली होती. रोज कूस बदलून ड्रेसिंग करणारे जाणते माणूस हवे होते. रुपाली त्यांना बघूनही आली.

"काका, मला जमेल हे. हात विसरले नाहीत माझे," असे ती साहेबरावांना सांगत होती.

संस्थेने दसऱ्यापर्यंत कागद पुरे करायला सांगितले. तोवर झाले नाहीत, तर दुसरी नर्स ठेवणार होते. रुपाली एकेक कागद आणू लागली. मार्कशीट झाली, नोंदणीचे प्रमाणपत्र झाले, काविळीच्या लशीचा दाखला झाला, पोलिसांचा चारित्र्याचा दाखलाही झाला. आणि घोडे पेंड खाऊ लागले ते नावापाशी.

त्याचे असे झाले. आपल्याकडे लग्नात नवरीचे नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवे नाव लिहितो. रुपालीच्या सासरी थोरल्या जावेचे नाव आधीच रुपाली होते. एका घरात दोन रुपाली कशा चालतील? म्हणून सासूबाईंनी, केसरबाईंनी, धाकटीचे नाव वर्षाली ठेवले. तांदूळ केव्हाच शिजून गेले, पण नाव आधार कार्डावर जाऊन बसले. पोलिसांचा दाखला निघाला वर्षाली गणराज सूर्यवंशी या नावाने. नर्सिंगचे सगळे कागद मात्र रुपाली ज्ञानोबा बिरादारचे.

संस्थेतल्या बाई म्हणाल्या, "पोलिसांनी तपासलीय वर्षाली, आणि नर्स आहे रुपाली. मी पेशंटच्या घरी पाठवू कुणाला?"

त्यांचेही चुकत नव्हते. दोघी एकच आहेत, असे प्रतिज्ञापत्र रुपालीने करून दिले. तेही पुरले नाही. नाव बदलल्याचे सरकारी राजपत्रात छापून आणा, असे उत्तर मिळाले.

राजपत्राचा अर्ज साहेबराव दुकानातच भरून देतात. त्या दिवशी रुपालीबरोबर केसरबाई आल्या होत्या.

"जुनं नाव रुपाली, नवं वर्षाली. असंच ना?" साहेबरावांनी विचारले.

"हो, असंच," रुपाली म्हणाली.

"पण ताई, मग कॉलेजचे, नर्सिंग कौन्सिलचे सगळे कागद बदलावे लागतील. सरकारी काम अन् सहा महिने थांब. दिघीच्या आजी थांबतील का तोवर? उलटं केलं, म्हणजे नवं नाव रुपाली ज्ञानोबा बिरादार लावलं, तर नुसतं आधार-पॅन बदललं की झालं."

रुपालीला हे कळत होते. पण सासूने हौसेने ठेवलेले नाव सासूच्या देखत टाकायचे कसे? तिने फाईलचे बटण लावले, उघडले, पुन्हा लावले.

"वर्षालीच राहू द्या," ती म्हणाली.

मला वाईट वाटले. मशीनला वाटू नये, पण वाटले.

केसरबाई स्टुलावरून उठल्या. "ओ भाऊ, उलटंच भरा."

"आई, पण तुम्ही ठेवलेलं नाव..."

"ठिवलं म्या, खरं हाय. घरात दोन रुपाल्या नकोत म्हणून ठिवलं. पर कालेजात कोण गेलती? वर्षाली गेलती व्हय? तिला सुई टोचता येत न्हाई. शिकली ती रुपाली. दिघीच्या म्हातारीला तीच पायजे."

रुपालीने पदराने डोळे पुसले आणि ती हसायला लागली. अर्ज उलटा भरला गेला. राजपत्र आले, आधार बदलले. मग पोलिसांचा दाखला नव्याने, म्हणजे ये रे माझ्या मागल्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती दिघीला कामावर रुजू झाली.

दसरा झाल्यावर केसरबाई एकट्याच आल्या. रेशनच्या कामासाठी त्यांना आपल्या आधारची प्रत हवी होती.

"काय केसरबाई, तुमचंही नाव बदलायचं का?" साहेबरावांनी गंमत केली.

"माझं बी लग्नातच बदललं की. आदी सुमन व्हते मी." त्या स्टुलावर टेकल्या. "त्या नावानं हाक मारणारी समदी गेली आता."

नेमका माझा कागद अडकला, तो काढण्यात वेळ गेला. केसरबाई माझ्याकडे बघत बसल्या. प्रत निघाल्यावर साहेबराव म्हणाले, "सुमनताई, हे घ्या तुमचं आधार."

केसरबाईंनी मागे वळून पाहिले. मागे कुणीच उभे नव्हते.

मित्रांनो, काचेवर ओला हात ठेवू नका, पिन काढून मगच कागद द्या, एवढे सांगायचा मला हक्क आहे. आणि एक मागणे आहे. आज घरी गेलात की आजीला तिचे पहिले नाव विचारा, आणि त्या नावाने तिला एकदा हाक मारा. मी इतके कागद पाहिले, पण सुमन हे नाव केसरबाईंच्या एकाही कागदावर मला दिसले नाही.