निळी वही यादीत नाही

मी थापाड्या. हे नाव मला कचेरीने दिलं आणि मी ते पगारासारखं इमानेइतबारे घेतलं. बसमध्ये विसरलेल्या वस्तू परत देणाऱ्या कचेरीत तीस वर्षं खिडकीवर बसलो. एकदा एक गृहस्थ आपलं घोरणं सीटवर विसरून गेला. आम्ही ते झाकणाच्या डब्यात भरून ठेवलं, तर गोदामातल्या छत्र्यांना आठ दिवस डोळ्याला डोळा लागला नाही. तो न्यायला आला तेव्हा ओळख पटवायला त्याला तिथेच झोपवून बघावं लागलं. विश्वास ठेवू नका, माझं काही जात नाही. आता सांगतो त्यावर मात्र ठेवा.

शहरभर आमच्या चौदा खिडक्या आणि यादी सगळ्यांना मिळून एकच, संगणकावरची. कुठल्याही आगारात वस्तू सापडली की तिथला माणूस तिची नोंद करायचा. पण खिडकीवर दिसायची ती त्या नोंदींची नक्कल. सर्व्हर ती एकदा उचलायचा आणि चौदाही जणांना तीच दाखवत बसायचा. नवी हवी असेल तर ‘ताजी करा’ असं एक बटण होतं. ते कुणीही एकाने दाबलं तरी सगळ्यांना ताजी यादी मिळायची, पण तोवर चौदाही पडदे दहा मिनिटं गोठायचे. भर गर्दीत कुणी ते दाबलंच तर बाकीचे तेरा फोनवरून त्याच्या सात पिढ्या उद्धरायचे. म्हणून रिवाज पडला होता की एकानेच, सकाळी कचेरी उघडण्याआधी दाबायचं. ते काम होतं कोंबड्याचं. कोंबडा म्हणजे आमचा सर्वांत जुना कारकून, सगळ्यांच्या आधी हजर होणारा.

कोंबडा निवृत्त झाला. आम्ही त्याला हार घातला, भाषणं ठोकली, पण बटणाचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दुसरा कुणीतरी दाबत असेल, असं चौदाही जण समजून चाललो. हरवलेलं सापडेनासं झालं, नव्या वस्तू यादीत दिसेनाशा झाल्या, तर चहा पिताना आम्ही म्हणायचो, लोक हल्ली जपून वागायला लागलेत.

त्याच सुमारास एका मंगळवारी त्या बाई आल्या. साठी उलटलेल्या, नीटनेटक्या. आदल्या दिवशी बसमध्ये निळ्या पुठ्ठ्याची वही राहिली होती. वही यजमानांची. नकाशे काढण्यात त्यांची हयात गेलेली, आणि आता त्यांचं विसरणं वाढत चाललेलं. आठवण शाबूत होती तेव्हाच त्यांनी स्वतःच्या हाताने सगळं लिहून ठेवलं होतं: मी कोण, घर कुठलं, ही बाई माझी बायको, लग्न कसं झालं. रोज सकाळी ते वही वाचायचे आणि मग बायकोच्या हातचा चहा घ्यायचे. वही गेल्यावर बाईंनी दुसरी लिहून दिली. ते म्हणाले, हे अक्षर माझं नाही.

मी यादी पाहिली; यादीत नाही ते गोदामात नाही, हा आमचा हिशेब. “नाही बाई, यादीत नाही.”

पुढे त्या दर मंगळवारी येत राहिल्या. मी यादी बघायचो, नाही म्हणायचो, आणि त्यांचा चेहरा बघवेना म्हणून एखादी थाप सोडायचो. घोरण्याच्या गोष्टीला तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. पण दर खेपेला घरचं थोडं थोडं कळायचं. आधी ते त्यांना “अहो बाई” म्हणायला लागले. मग रात्री खोलीला आतून कडी लावायला लागले, परक्या बाईसमोर कसं झोपायचं म्हणून. सातव्या मंगळवारी त्या एवढंच म्हणाल्या, “काल त्यांनी मला विचारलं, तुमच्या घरचे वाट बघत असतील ना?”

पुढच्या रविवारी वायरिंगच्या कामासाठी सर्व्हर बंद झाला आणि सोमवारी सुरू झाला तो ताजी यादी घेऊनच. एका झटक्यात सहाशे वस्तू वाढल्या. मी शोधलं. वही, निळा पुठ्ठा, हस्तलिखित. हरवल्याच्या तिसऱ्याच दिवशी जमा. ठिकाण, माझ्याच खिडकीमागचं गोदाम. कागदांची मुदत पंचेचाळीस दिवस. शनिवारी रद्दीच्या लगद्याला गेली.

मंगळवारी बाई यजमानांना घेऊनच आल्या. घरी एकटं ठेवता येईना. मी काहीही लपवलं नाही. बटण, कोंबडा, शनिवार, सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, “म्हणजे मी इथे उभी होते तेव्हा ती आत होती?”

“सहा वेळा.”

त्यांनी खिडकीची कड तेवढी घट्ट धरली. यजमान मात्र अदबीने पुढे झाले आणि मला म्हणाले, “साहेब, या बाईंना काहीतरी मदत करा. भल्या आहेत. कुणाच्या कोण, कळत नाही.”

मी म्हणालो, “तुमच्या पत्नी आहेत.”

“तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही होतात लग्नाला?”

तीस वर्षं थापा मारल्या, कधी जीभ अडली नाही. तेव्हा अडली. मग म्हणालो, “होतो की.” आणि सांगत सुटलो. दोनशे माणसं होती, तुमच्या एका पायात काळा बूट आणि एका पायात तपकिरी, ते बघून नवरीला हसू आवरेना, तिच्या मामाने डोळे वटारले. ते मन लावून ऐकत होते. गोष्ट बुटांपाशी येताच हसले. बाईंकडे वळून बघितलं, हात पुढे केला, आणि दोघं हात धरून जिना उतरले.

बुधवारी सकाळी त्यांनी बाईंना पुन्हा विचारलं, तुम्ही कोण.

तेव्हापासून बाई त्यांना दर मंगळवारी आणतात. मी निवृत्त झालो तरी त्या वेळेला खिडकीशी जाऊन बसतो. ते मला ओळखत नाहीत, लग्नाला होतात का विचारतात, मी होतो म्हणतो. एका मंगळवारी ते पाणी प्यायला पलीकडे गेले तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, “आमच्या लग्नाला चारच माणसं होती हो. पाऊण तासात आटोपलं. मला मामा नाही. त्या दिवशी ते मला काय म्हणाले होते, ते वहीत होतं. माझ्याही आता नीटसं लक्षात नाही.”

मी म्हटलं, “मग आजपासून बदलतो. चार माणसं सांगतो.”

“नको,” त्या म्हणाल्या. “बुटांना ते हसतात. तेच सांगा.”