बयानं टाळ थांबवले

पौडच्या बोर्डिंगातली आईबाप नसलेली पोरंपोरी दर गुरुवारी संध्याकाळी ओसरीवर जमत. कुशाबाबुवा गावोगाव कीर्तनं करणारे. पण त्या दिवशी ते स्वतः खाली बसत आणि एकेका पोराला कीर्तनकाराच्या जागी उभं करत. पोरानं आपलं आपण सांगायचं: मी कोण, माझं काय गेलं, मला काय येतं. बाकीची टाळ घेऊन मागं उभी. बोलणारा अडला, की त्यांनी नामाचा गजर उचलायचा, त्याला दम घेऊ द्यायचा.

"बुवा एकटा नसतो रे," कुशाबा म्हणत. "मागं माणसं असतात, म्हणून तर तो उभा राहतो."

आज बयाची पाळी. पंधरा वर्षांची ती पोर सकाळपासून धास्तावलेली. मेंढरांमागं हिंडणारं तिचं घर. पटकीच्या साथीत आईबाप दोघंही गेले. पण बोर्डिंगात ती सांगायची, आई मेंढरं घेऊन कोकणात उतरलीय, मला न्यायला येणार हाय. खरं एकदा तोंडातून निघालं, की आई खरंच मेली, असं तिला वाटे. ही धाकधूक त्या पांडुरंगालाच ठाऊक.

"काय गं, आज बी पोट दुखतंय का?" टाळ घेऊन उभ्या असलेल्या धुळाजीनं टोमणा मारला. याआधी तिनं पोटदुखीचं निमित्त करून पाळी टाळली होती.

"तू गप ऱ्हा. मागल्या बारीला ढसाढसा रडलास."

"रडलो की! मेलो तर न्हाई."

बया उभी राहिली.

"मी बया. बाप पिराजी. त्यो पटकीत गेला. आई…"

'गेली' हा शब्द ओठांवर आला होता. तिनं नुसता श्वास घेतला. मागच्यांना वाटलं, अडली. धुळाजीनं मायेनंच टाळ वाजवला आणि सगळ्यांनी गजर उचलला.

आता बया खाली बसली असती, तरी कुणी काही म्हटलं नसतं. आई कोकणातच राहिली असती.

गजर चढत चालला. कुशाबा तिच्याकडं बघत होते, पण उठले नाहीत.

बयानं बुवांसारखा हात वर केला. टाळ थांबले.

"मी अडले न्हवते," ती म्हणाली. "आई बी गेली. बापाच्या मागनं दुसऱ्याच दिशी. ती येनार न्हाई."

तिनं वर केलेला हात खाली घेतला.

"व्यायला अडलेली मेंढी सोडवायला मला येतंय. आईनं शिकवलंय."

"आता वाजवू का?" धुळाजीनं हळूच विचारलं.

"थांब जरा," बया म्हणाली. "माजं अजून हाय."